दाजी, ती गोष्ट मी रचलेली नव्हती

दाजी,

परवा वर्गात हृदय काढलं. फळ्यावर. पंचवीस वर्षं काढतेय, तरी ते हृदयासारखं कधी दिसत नाही. तुम्ही एकदा म्हणाला होतात तसं भरल्या वांग्यासारखंच दिसतं, देठासकट. वर दोन कर्णिका, खाली दोन जवनिका. निळ्या खडूनं अंगभर फिरून आलेलं रक्त, तांबड्या खडूनं फुफ्फुसातनं ताजं होऊन आलेलं. दरवर्षीप्रमाणे एका पोरीनं विचारलं, "बाई, डावी बाजू उजवीकडं का काढलीय?" दरवर्षीप्रमाणे मी सांगितलं की हा माणूस तुमच्याकडं तोंड करून उभा आहे. इथवर सगळं सुरळीत झालं. मग झडपा आल्या. "या झडपा एकाच बाजूला उघडतात, त्यामुळं रक्त पुढं जातं, मागं येत नाही." हे वाक्य मला झोपेतनं उठवलं तरी म्हणता येतं. परवा 'मागं' या शब्दापर्यंत आले आणि पुढचा शब्द निघेना. वर्गाला वाटलं, बाई आता प्रश्न विचारणार. सगळ्यांनी पटापट माना खाली घातल्या आणि तास संपेपर्यंत कुणी वर बघितलं नाही. बरं झालं.

तुमचं तेरावं होऊन आठ दिवस झाले. या तीन आठवड्यांत उचगावला तुमच्या घरी जो येतो तो म्हणतो, काय शांत माणूस, कधी कुणाला दुखवलं नाही, कधी तोंडातनं वावगा शब्द नाही. मी प्रत्येक वेळी इकडंतिकडं बघते. कुणाबद्दल चाललंय? मला तीस-पस्तीस वर्षांत एकही सरळ शब्द न बोललेला माणूस तो हाच का? मी दारात दिसले रे दिसले की "आली बघा सायबीण, फळा पुसा" म्हणणारा?

आता सुरुवात मीच केली होती, हे कबूल. तुमचं आणि अक्काचं लग्न झालं तेव्हा मी पंधरा वर्षांची होते. धाकट्या मेहुणीचा हक्क म्हणून तुमचे नवेकोरे बूट लपवले. तिथवर रिवाजातलं होतं. पण कुठं लपवले हेच विसरले, हे रिवाजात नव्हतं. नवरदेव फेटा बांधून, मुंडावळ्या लावून, आमच्या वडिलांच्या अंगठा तुटलेल्या चपलेत वरातीला निघाला. बूट चार महिन्यांनी तांदळाच्या पिंपात सापडले. त्या दिवसापासून आपल्यात जे सुरू झालं ते सुरूच राहिलं. तुम्ही टोमणा मारायचा, मी परतवायचा. सरळ बोलला तो हरला. मला विज्ञानाची पदवी मिळाली तेव्हा तुम्ही म्हणालात, "आता फ्यूज घालाय येतोय का?" माझे बाबा गेले तेव्हा तुम्ही रात्रंदिवस आमच्या घरी होतात, सगळं तुम्हीच केलंत. आणि जाताना मला काय म्हणालात? "रडून रडून नाक वांग्याएवढं झालंय, साळंतली पोरं भितील." मी हसले. त्या वेळी मला दुसरं काही नकोच होतं. आपल्या दोघांना मायेनं बोलायला दुसरी भाषा येतच नव्हती, आणि त्याचं कधी काही अडलंही नाही. अडलं ते एकदाच.

तुमचं पंप दुरुस्तीचं दुकान मला शाळेपेक्षा जास्त आवडायचं, हे तुम्हाला कधी सांगितलं नाही. नदीवरनं उसाला पाणी नेणाऱ्या मोटारी तिथं पाय वर करून पडलेल्या असायच्या. तुम्ही वीतभर लांब स्क्रूड्रायव्हर घ्यायचा, टोक चालत्या पंपावर टेकवायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटायचे. समोरचा शेतकरी श्वास धरून उभा. मग तुम्ही डोळे उघडून सांगायचात, "मोटार चांगली हाय पावणं. नॉन-रिटर्न गेलाय." नॉन-रिटर्न म्हणजे काय ते मला तुम्हीच समजावलंत. लाईट गेली की पाइपात चढलेलं सगळं पाणी मागं फिरतं. ते पंपावर येऊन आदळू नये म्हणून मधे एक झडप असते. पुढं जाणाऱ्याला वाट देते, मागं येणाऱ्याच्या तोंडावर दार लावते.

"म्हणजे आमच्या हृदयात असते तसली," मी म्हटलं होतं.

"तुमच्या हृदयात? तुला हाय व्हय त्ये?" तुम्ही म्हणालात.

त्यातनंच मला ती दुर्बुद्धी सुचली आणि मी तुम्हाला शाळेत बोलावलं. वाटलं, पोरांना जरा वेगळं, दाजी चार वाक्यं बोलतील, मी नारळ देईन. तुम्ही आलात ते पोतं घेऊन. पोत्यातनं निघाले पिंपातनं डिझेल काढायचे, हातानं दाबायचे दोन रबरी पंप, नळ्या, दोन प्लॅस्टिकच्या बाटल्या आणि रंगपंचमीचा उरलेला तांबडा रंग. एका बाटलीवर तुम्ही खडूनं 'फुपूस' लिहिलंत, दुसरीवर 'आंग'. पहिला पंप फुपुसाला जोडला, फुपुसातनं नळी दुसऱ्या पंपाला, दुसरा पंप अंगाला, आणि अंगातनं नळी परत पहिल्याला.

"ह्या दोन मोटारी," तुम्ही वर्गाला म्हणालात, "पर मालक येक आन बटण येक. दोन्ही येकदम दाबायच्या. ही घाण झालेलं रगत फुपुसाकडं ढकलती, ही ताजं झालेलं अंगाकडं. कळलं न्हवं? आता सांगा, ठोका म्हंजे काय?"

"लब् डब्!" सगळा वर्ग ओरडला.

"त्यो आवाज झाला. कशाचा आवाज? कोण कुणाला ठोकतंय आत?"

वर्गानं माझ्याकडं बघितलं. मी खिडकीकडं बघितलं. कारण मी इतकी वर्षं 'हृदयाचे ठोके' एवढ्यावरच भागवत आले होते.

"दारं लागल्याचा आवाज हाय त्यो," तुम्ही रबरी पंप हातात धरून म्हणालात. "हे बघा. वरच्या खणातनं खालच्या खणात रगत उतरलं. आता खालचा खण आवळला. रगत मागं वरच्या खणात पळाय बघतंय, तर मधलं दार धाडकन लागलं. ह्यो लब्. मग जायला वाट उरली कुठली? पुढची. पुढचं दार उघडलं, रगत भाईर गेलं. आता मूठ सैल सोडली. भाईर गेलेलं रगत परत आत याय बघतंय, तर पुढचं दार लागलं. ह्यो डब्. आवाज पंपाचा नसतोय बाळांनो, आवाज दाराचा असतोय."

मग एकेकाला दाबायला लावलंत. मिनिटाभरात पोरांचे पंजे दुखायला लागले. आणि शेवटी तुम्ही दुसऱ्या पंपाच्या तोंडातली रबराची छोटी टिकली चिमट्यानं काढून टाकलीत आणि म्हणालात, आता दाबा. पोरं दात-ओठ खाऊन दाबतायत आणि निम्मा रंग पुढं जातोय, निम्मा मागच्या बाटलीत परत येतोय. "बघा, जोर तेवढाच, पर काम निम्मं. मग पंप काय करंल? आनखी जोर लावंल. आनखी किती दिवस लावंल? आन ह्या मागच्या बाटलीकडं बघा." मागची बाटली म्हणजे फुपूस. ती हळूहळू तुडुंब भरत चालली होती.

त्यानंतर पंधरा दिवस वर्ग मला विचारत होता, "बाई, ते पंपवाले काका परत कधी येणार?" पंचवीस वर्षांत मी किती वेळा रजेवर गेले असेन. बाई परत कधी येणार, असं कुणी विचारल्याचं ऐकिवात नाही.

त्याच तासाला तुम्ही माझी लाज काढलीत, तेही सांगते. मी समारोप करत होते. समारोप करायला लागले की माझा आवाज आपोआप जड होतो. "विद्यार्थ्यांनो, जन्मापासून मरणापर्यंत हृदय एक क्षणही विश्रांती घेत नाही." तर मागनं तुमचा आवाज, "बाई, चुकतंय." सगळा वर्ग वळला. "जे थांबत न्हाय त्ये भरंल कवा? भरल्याबिगर ढकलंल काय? दोन ठोक्यांच्या मधी थांबतंय की त्ये." मी वर्गाला म्हटलं, पाहुण्यांचं वय झालंय, टाळ्या वाजवा. घरी येईपर्यंत रिक्षात आपण भांडत होतो. तुम्ही म्हणायचा, थांबतं. मी म्हणायची, पुस्तकात 'अविरत' लिहिलंय. त्यानंतर प्रत्येक सणाला, प्रत्येक जेवणावळीत तो वाद निघाला. "काय मास्तरीणबाई, थांबतंय का न्हाय?"

दाजी, तुम्ही बरोबर होता. मला ते दुसऱ्याच दिवशी कळलं. जाडजूड पुस्तक काढून बघितलं. एका ठोक्यात आवळण्याचा वेळ थोडा, ढोबळ मानानं तिसरा हिस्सा. बाकी सगळा वेळ ते सैल पडलेलं असतं, भरून घेत असतं. इतकंच नाही. सगळ्या अंगाला रक्त पुरवणाऱ्या त्या स्नायूला स्वतःच्या वाटणीचं बहुतेक रक्त मिळतं तेसुद्धा सैल पडल्यावरच. मी ते वाचलं, पुस्तक मिटलं आणि दोन वर्षं तुम्हाला सांगितलं नाही. मेहुणीनं दाजीला 'तुमचं बरोबर' म्हणायचं म्हणजे काय! आता म्हणतेय. तुमचं बरोबर होतं. हे लिहून मला जितकं हलकं वाटेल असं वाटलं होतं, तितकं वाटत नाही. कारण मला जे लिहायचंय ते हे नव्हेच. मी मघापासून त्याच्या भोवती फिरतेय.

तो रविवार.

दुपारी तीनचा सुमार असेल. अक्का घरात निजली होती. तुम्ही दुकानाचं एक फळकूट उघडून आत स्टुलावर बसला होता. एक गिऱ्हाईक पंप घेऊन आलं, तर तुम्ही बसल्या जागेवरनं म्हणालात, "ठेवा तितं खाली, पावणं." एरवी तुम्ही त्याच्या हातातनं पंप ओढून घेऊन ओट्यावर चढवला असता. मी हे बघितलं. मला सगळं दिसतं हो, दाजी. घरच्या कार्यात गोष्टी सांगणाऱ्या माणसाला दिसतंच. मी बघितलं आणि मनात वाक्य तयार केलं, 'दाजी आता मुकादम झाले'. आणि ते चांगलं जमलंय म्हणून खूश झाले.

मग तुम्ही हातातल्या कामावरनं नजर न काढता म्हणालात, "मास्तरीणबाई, माजा नॉन-रिटर्न गळतोय बघ."

"वॉरंटी कधीच संपलीय तुमची," मी म्हटलं.

तुम्ही हसलात. "न्हाय, खरंच. आडवं झालं की दम लागतोय. तीन उशा घेतल्याबिगर डोळा लागत न्हाय. तुज्या अक्काला म्हटलंय, मान दुखती."

"मग पॅकिंग बदला."

"आन हे बघ." तुम्ही पँट वर केलीत. पायावर मोज्याचा वळ बोटभर खोल रुतला होता.

"अक्काच्या हातचं खाऊन माणूस फुगणारच," मी म्हटलं.

तुम्ही पँट खाली केलीत. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवलात आणि माझ्याकडं बघून विचारलंत, "तुमच्या पुस्तकात काय लिवलंय ह्याला?"

दाजी, तेवढं एक वाक्य तुम्ही टोमण्याशिवाय बोलला होतात. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. तुमच्या तोंडावर हसू नव्हतं. आता मला ते इतकं स्वच्छ दिसतं की डोळे मिटले तरी जात नाही. त्या दिवशी मला काय दिसलं? मला दिसला सोपा चेंडू. मी म्हटलं, "पुस्तकात लिहिलंय, दाजींनी कमी बोलावं आणि दुकानात पंखा लावावा."

तुम्ही परत हसलात. "व्हय, लावतो की," म्हणालात.

जी बाई तुमच्याकडनंच झडप शिकली, जिनं मागची बाटली तुडुंब भरताना स्वतःच्या डोळ्यांनी बघितली, तिला तुम्ही तीन वाक्यांत सगळं सांगितलंत. उशा सांगितल्यात, पाय दाखवलात, रोगाचं नाव देखील सांगितलंत. डॉक्टरला एवढं सांगितलं असतं तर त्यानं तिथल्या तिथं यंत्राखाली घातलं असतं. पण तुम्ही डॉक्टरकडं गेला नाहीत. माझ्याकडं आलात. शिकलेली म्हणून.

एवढ्यावर थांबले असते तरी माणसात जमा झाले असते. मी थांबले नाही.

पुढच्याच आठवड्यात वारणानगरला तुमच्या लेकीच्या, स्वातीच्या पोराचं बारसं होतं. कॉलनीच्या हॉलमध्ये. नाव ठेवून झालं, घुगऱ्या वाटून झाल्या, जेवणं झाली आणि ठरल्याप्रमाणे कुणीतरी म्हणालं, "नंदामावशी, होऊ दे एक." मी नको नको म्हणत उभी राहिले. माझ्या 'नको नको'ची लांबी सगळ्या घराला माहीत आहे. आणि मी सुरू केलं, 'दाजींचा नॉन-रिटर्न'.

तुमचा आवाज काढला. स्टुलावर बसायची तुमची ढब काढली. अक्का सकाळी उठून तुमच्या तोंडाला फनेल लावते आणि पाणी भरते, मगच दाजी स्टार्ट होतात, असं सांगितलं. दाजींना उताणं निजवलं की पाणी मागं फिरतं, म्हणून त्यांना तीन उशांवर चढवून ठेवतात, नदीकाठच्या मोटारीसारखं, असं सांगितलं. डॉक्टर पाना घेऊन येतो, असं सांगितलं. फनेल माझं होतं, पाना माझा होता. उशा तुमच्या होत्या. स्वातीच्या सासूबाई पदर तोंडात कोंबून हसत होत्या. अक्कानं माझ्या पाठीत धपाटा घातला, "गप गं, काय बी रचतीस!" सगळ्यात जास्त तुम्ही हसलात. हसता हसता तुम्हाला खोकला लागला. तो थांबेचना. आणि मी, दाजी, मी टाळ्या थांबायची वाट बघतात तशी तुमचा खोकला थांबायची वाट बघत उभी राहिले. थांबला, तसं पुढचं वाक्य टाकलं.

वीस मिनिटं चालली ती गोष्ट. त्यानंतर तुम्ही कधी दम लागतो म्हटलं नाहीत, कधी पाय दाखवला नाहीत. मी कधीकधी विचार करते, तुम्हाला वाटलं तरी काय असेल? राग आला असता तर तुम्ही चांगला आठ दिवस टोमण्यांनी झोडला असतात मला. मला वाटतं, तुम्हाला बरं वाटलं असावं. सगळ्यांना कळलंय, शिकलेल्या मेहुणीला कळलंय, आणि सगळे हसतायत, म्हणजे त्यात घाबरण्यासारखं काही नसणार. तुम्ही माझ्यावर विश्वास ठेवलात. हे मला रागापेक्षा जड जातं.

दोन महिन्यांनी, कामाच्या दिवशी सकाळी अकराला, दुकानातनं गिऱ्हाइकाचा फोन आला. मी शाळेतनं थेट दवाखान्यात आले. तुमच्या नाकावर नळी होती आणि तुम्ही बसूनच होता, आडवं होत नव्हता. मला बघून बोट उचललंत. काहीतरी म्हणायचं होतं, दम लागल्यानं म्हणता आलं नाही. मला खात्री आहे, टोमणाच होता. कोणता ते आता मला कधी कळणार नाही.

डॉक्टर तरुण होता. त्यानं केसपेपरच्या पाठीवर पेनानं हृदय काढलं, पाच सेकंदांत, माझ्यापेक्षा कितीतरी बरं. डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधल्या झडपेवर पेन आपटून म्हणाला, "ही नीट मिटत नाहीये. हृदय आवळलं की रक्त उलट फिरतं, फुफ्फुसात साठतं. हे आजचं नाही. बरेच महिने चाललेलं असणार. आडवं झाल्यावर दम लागतो, पाय सुजतात, असं काही कुणाजवळ बोलले होते का?"

अक्का म्हणाली, "न्हाई ओ डॉक्टर. येक शबूद न्हाई. उशा घ्यायचं, तर मान दुखती म्हणायचं."

मी तिच्या मागं उभी होते. नर्सनं दिलेल्या तुमच्या चपला पिशवीत घालून माझ्या हातात होत्या. डॉक्टरनं माझ्याकडंही बघितलं. मी मान हलवली. आडवी. हृदयाच्या सोनोग्राफीत सगळं दिसलंच होतं, माझ्या सांगण्यानं औषध काही बदललं नसतं, असं मी स्वतःला समजावते. खरंही असेल ते. पण मी मान आडवी हलवली ती औषधाचा विचार करून नव्हे. तिसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही गेलात.

तेव्हापासून अक्का येणाऱ्या प्रत्येकाला तेच सांगते. "तीस-पस्तीस वर्सं शेजारी निजले. मला कळू नये? तीन उशा बघितल्या की मी डोळ्यांनी. माज्याजवळ न्हाई तर न्हाई, कुणाजवळ तरी बोलायचं. कुणाजवळ बोलले न्हाईत बघा." एवढं आलं की मी उठते आणि चहा ठेवायला आत जाते. इतका चहा केलाय मी या दिवसांत की उचगावातली माणसं चहा पिऊनच आली तरी माझ्या हातनं सुटत नाहीत. तिनं बारशातली गोष्ट ऐकली होती, दाजी. पहिल्या ओळीत बसून ऐकली होती. तीन उशा, नॉन-रिटर्न, सगळं. तिच्या डोक्यात एकदाही आलं नाही की त्यात काही खरं असेल. नंदा सांगतेय म्हणजे रचलेलंच. इतक्या वर्षांत मी घरात ही पत कमावून ठेवलीय. त्या कमाईच्याच आडोशाला मी बसले होते, आणि अक्का मात्र माझ्या वाटणीचं स्वतःच्या डोक्यावर घेऊन माणसांसमोर बसत होती.

परवा वर्गात ते वाक्य अडलं. काल शाळा सुटल्यावर उचगावला गेले.

अक्का एकटीच होती. घराच्या पुढच्या सोप्यात बसून तांदूळ निवडत होती. मी समोर बसले, सुपाचं दुसरं टोक धरलं. कसं सुरू करावं कळेना. आणि मग, दाजी, माझ्या तोंडाला जी सवय आहे तीच आली. मी तुमचा आवाज काढला. "मास्तरीणबाई, माजा नॉन-रिटर्न गळतोय बघ." तुमच्यासारखी मान तिरकी केली. अक्का हसली. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. "अगदी तस्संच बोलतीस बाई," म्हणाली आणि डोळे पुसले. मी पुढं गेले. वॉरंटी सांगितली. पॅकिंग सांगितलं. ती हसत होती. मी पँट वर केल्याची नक्कल केली, मोज्याचा वळ बोटानं दाखवला. तिचं हसू अर्ध्यावर थांबलं.

"ही बारशातली गोष्ट न्हवं?" तिनं विचारलं. "त्यात मोजा न्हवता."

"नव्हता."

"मग आत्ता कुठनं आला?"

मी सुपातल्या तांदळाकडं बघितलं. खडा एकही नव्हता. तिनं सगळे आधीच काढले होते.

"अक्का, ती गोष्ट मी रचलेली नव्हती."

रस्त्यावरनं एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार लांब जाईपर्यंत ती माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, सूप फेकेल. वाटलं, ऊठ म्हणेल. ऊठ म्हणाली असती तर बरं झालं असतं. तिनं सूप उचलून बाजूला ठेवलं, हात झटकले आणि मांडी मोडून माझ्यासमोर सरळ बसली.

"परत सांग," म्हणाली. "पयल्यापासनं. हसवू नगंस."

मी सांगितलं. तुमचा आवाज काढला नाही. हात हलवले नाहीत. ते म्हणाले, आडवं झालं की दम लागतो. म्हणाले, तीन उशा लागतात, तुला खोटं सांगितलंय, मान दुखते म्हणून. पायाला सूज होती, ती दाखवली. माझ्याकडं बघून विचारलं, तुमच्या पुस्तकात काय लिवलंय ह्याला. मला माहीत होतं. मी थट्टा केली.

वीस मिनिटांची गोष्ट, दाजी. हसवायचं काढून टाकल्यावर मिनिटभरसुद्धा पुरली नाही.

"मग?" अक्कानं विचारलं.

"मग काही नाही, अक्का. मी पाचची बस धरून घरी आले."